विहिणीची साडी आणि पृथ्वीचं वय

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या नागपुरात पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. तो मशालवाला पुतळाही पाहिला नाही. मी टेक्सासात एक नदी झाडली. हे सांगितलं की कॉलनीतल्या बायका आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे बघतात. मुलीने आईला तिकडे कामाला लावलं, असा त्यांचा समज होतो आणि तो मला परवडणारा नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्लेनो

माझी मुलगी सुजाता आणि जावई इथन टेक्सासात प्लेनोला राहतात. तिथली घरं प्रशस्त आहेत आणि रस्ते इतके रुंद की समोरच्या बाजूला जायलासुद्धा गाडी काढावी लागते. पहिल्या दिवशी सकाळी मी सवयीने फिरायला निघाले, तर एका बाईने गाडी थांबवून काळजीने विचारलं, तुमची गाडी बंद पडली का? पायी चालणारा माणूस म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार, असा तिथला हिशेब आहे.

इथनची आई कॅरल ही माझी विहीण. या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही. "मग मुलाच्या सासूला मुलाची आई काय म्हणते?" असं मी इथनला विचारलं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, "कॅरल तुम्हाला शीला म्हणते." रुसवे नाहीत, मानपान नाही, लग्नात पंगतीवरून भांडण नाही. अशा विहिणीचं करायचं तरी काय, हे मला कळेना. लग्न नागपूरला झालं तेव्हा कॅरलचा नवरा शेवटच्या आजारात होता, त्यामुळे ती येऊ शकली नव्हती. मी मात्र आपल्या बाजूने कमतरता नको म्हणून विहिणीच्या मानाची साडी पाठवली होती. चांगली नागपुरी करवतकाठी टसर. साडी मिळाली, फार सुंदर आहे, असा तिचा निरोपही आला होता.

"कॅरलने तुला वीकेंडला बोलावलंय," सुजाता जेवताना म्हणाली. "पण आई, आधीच सांगते. तिकडे सगळं चर्चभोवती असतं. तू प्लीज लेक्चर देऊ नकोस."

"मी कशाला देऊ?"

"माझ्या लग्नात तू भन्तेजींना करेक्ट केलं होतंस, आई. माइकवर."

"त्यांनी अशोकाचा काळ चुकीचा सांगितला होता."

इथन हसला, पण पुढे जे सांगितलं ते हसून सांगितलं नाही. तो तेरा वर्षांचा असताना चर्चच्या रविवारच्या वर्गात त्याने डायनासोरबद्दल विचारलं होतं. गावाजवळच्या नदीत पावलांचे ठसे आहेत, ते इतके जुने, तर मग सहा दिवसांत सगळं कसं झालं? शिक्षकाने उत्तर दिलं की हे तरी खरं मान किंवा ते तरी. पोराने ठसे खरे मानले, घरी आला आणि पुन्हा त्या इमारतीत गेला नाही. कॅरलने दुसऱ्याच वर्षी तो वर्ग स्वतःकडे मागून घेतला आणि तेव्हापासून ती लहान मुलांना तिथे शिकवते आहे. बायबलमधली सहा दिवसांची गोष्ट आणि पृथ्वीचा इतिहास या दोहोंचा मेळ तिने घरच्या घरी बसवला आहे. एक दिवस म्हणजे एक युग. आणखी कुणाच्या पोराला दोहोंतलं एक निवडून निघून जावं लागू नये, एवढाच तिचा हेतू.

"आता चर्चच्या कारभाऱ्यांनी ठरवलंय की दिवस म्हणजे चोवीस तासांचा दिवस," इथन म्हणाला. "येत्या रविवारी ते तिचा वर्ग तपासणार आहेत. पसंत नाही पडला तर काढून घेतील. तिने त्यांना सांगितलंय की आमच्या घरात एक भूगर्भशास्त्रज्ञ आहे."

"म्हणजे मी साक्षीदार."

"आई, ती बिचारी दोन अशा माणसांत समेट करतेय, ज्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही," इथन म्हणाला.

मला खरं म्हणजे तेव्हा हसूच आलं. असले समेट मी जन्मभर पाहिले आहेत. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये संस्कृतचे एक सर होते. दशावतार म्हणजेच उत्क्रांती, हे ते दर वर्षी नव्या उत्साहाने सांगत. आधी मासा, मग कासव, मग वराह, बघा आपल्या लोकांना सगळं ठाऊक होतं! मी विचारायची, "मग परशुराम आणि राम समोरासमोर कसे आले, सर? उत्क्रांतीच्या दोन पायऱ्या एकमेकींना नमस्कार करतात का?" सर चहा अर्धा टाकून तासाला निघून जायचे. आमच्या विहारातही माझे दीर अणुविज्ञान बुद्धाने आधीच सांगितल्याचं सांगतात. तिथे मी जरा सबुरीने घेते, कारण त्यानंतर त्यांच्याच घरी जेवायचं असतं.

कॅरलचं गाव

कॅरल मला न्यायला स्वतः आली, तीही पिकअप ट्रक घेऊन. सत्तरीला टेकलेली, उंच, पांढऱ्या केसांची बाई. त्या ट्रकमध्ये चढायला मला तिने अक्षरशः हात देऊन वर ओढलं. विहिणीची पहिली भेट अशी झाली. ती अर्थातच इंग्रजीत बोलते, तेही टेक्सासच्या लांबवलेल्या इंग्रजीत. मी इथे तिचं, आणि इथनचंही, बोलणं मराठीत देते आहे.

फोर्ट वर्थ मागे पडलं की जमीन मोकळी होते. वाटेत एका हॉटेलात तिने मला "चिकन फ्राइड स्टेक" खाऊ घातला. त्यात चिकन नसतं. मोठ्याचं मांस कोंबडीसारखं पिठात घोळवून तळतात आणि वर पांढरी, मिरीची ग्रेव्ही ओततात. ज्याच्या नुसत्या संशयावरून आमच्याकडे जमाव जमतो, ते तिथे लहान मुलांच्या मेनूकार्डावर हसऱ्या गाईच्या चित्राशेजारी छापलेलं असतं. चव बरी होती. मी पर्समधून सावजी मसाल्याची पुडी काढून वर भुरभुरवली. कॅरलनेही मागितली, खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. बाई माझ्या मनात तिथेच थोडी भरली.

तिचं गाव लहान आहे. एक शाळा, एक धान्य-चाऱ्याचं दुकान आणि चर्च मात्र बरीच. तिने मला घरी न नेता आधी थेट तिच्या चर्चमध्ये नेलं. वर्ग दाखवायचा होता. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली माझी साडी.

मी पाठवलेली. मानाची. करवतकाठी टसर.

साडीचे तिने सहा भाग पाडले होते आणि प्रत्येक भागावर फेल्टच्या जाड कापडाची चित्रं कापून सेफ्टी पिनांनी टोचली होती. पहिल्या भागात उजेड, दुसऱ्यात आकाश आणि पाणी, तिसऱ्यात जमीन, झाडं, फळं. चौथ्यात सूर्य, चंद्र, तारे. पाचव्यात मासे आणि पक्षी. सहाव्यात जमिनीवरचे सगळे प्राणी, त्यांत एक खुशीत असलेला हिरवा डायनासोर, आणि पदराच्या काठावर एक बाई आणि एक पुरुष.

"माझ्या घरातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात सुंदर वस्तू हीच होती," कॅरल म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट कागदावर मांडायला मला बरं वाटेना."

टसरमध्ये पिना! आमच्याकडे हे कुणी विहिणीच्या साडीचं केलं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं. पण मी बघत राहिले. प्रत्येक पान कात्रीने नीट कापलेलं, माशांना खवले, ढगांना टाके घातलेले. बाईने कित्येक महिने डोळे घातले होते त्यात.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

सुजाताला दिलेला शब्द मी सुमारे मिनिटभर पाळला. मग म्हणाले, "सहा भाग सारखे नकोत." आणि साडीच्या कडेने चालत तिला दाखवलं. या टोकाला पृथ्वीचा जन्म धर आणि त्या टोकाला आजचा दिवस. मग जवळजवळ सगळी साडी ही डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची. मासे येतात ते पदर सुरू झाल्यावर. डायनासोर येतो आणि जातो तो पदरावरच. माणसाला शेवटच्या गोंड्यातला एक धागा मिळतो, तोही पुरता नाही.

कॅरल त्या गोंड्यापाशी जाऊन उभी राहिली. "म्हणजे देवाने एवढी साडी जंतूंना दिली?"

"दिली असेल तर."

"त्याला घाई नव्हती," ती म्हणाली आणि तिला ते फार आवडलेलं दिसलं. मी तिला अडचणीत आणायला निघाले होते आणि ती खूश होऊन बसली. अशा विद्यार्थ्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ग्लेन रोझ

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्लेन रोझला गेलो. तिथल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. चिखलात उमटले, चिखलाचा दगड झाला आणि अकरा कोटी वर्षांनंतर नदीने वरचे थर धुऊन ते उघडे केले. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन जायची तेव्हा गावकरी विचारायचे, "बाई, शेणासाठी एवढ्या दूरून आल्या?" ग्लेन रोझला मात्र आत शिरायला तिकीट, बाहेर टोप्या, आणि रस्त्याच्या कडेला फायबरचे डायनासोर दात काढून उभे.

उन्हाळ्यामुळे पाणी कमी होतं. पात्रात खडकाचे मोठे सपाट पट्टे उघडे पडले होते, पण ठशांमध्ये गाळ आणि शेवाळ साचलं होतं. कॅरलने ट्रकमधून दोन झाडू काढले. तिकडे ही रीतच आहे. लोक घरून झाडू आणतात, ठसे साफ करतात, फोटो काढतात. तिने एक झाडू माझ्यापुढे धरला.

मी तो लगेच घेऊ शकले नाही. माझ्या वडिलांनी हौसेने मला कॉलेजात घातलं आणि घरात कडक नियम केला होता की शीलाच्या हाती झाडू द्यायचा नाही. कॅरलने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. पेशवाईच्या काळात आमच्या लोकांच्या कमरेला मागे झाडू बांधायला लावत, आमच्या पावलांचा ठसा रस्त्यावर राहू नये म्हणून. ठशाने रस्ता विटाळतो, असं म्हणायचे.

कॅरलने हात पुढे केला. "मग तो माझ्याकडे दे. दोन्ही मीच झाडते."

"नको," मी म्हणाले. "इथे तर ठसा दिसावा म्हणून झाडू आहे. आज मीच झाडते."

आणि झाडलं. गुडघ्यापर्यंत सलवार वर करून, पाठ मोडेस्तोवर झाडलं. तीन बोटांचा, माझ्या हातभर लांबीचा ठसा गाळातून वर आला, तेव्हा मी भर उन्हात ओरडले. त्यापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा. कुणीतरी या बाजूने त्या बाजूला चालत गेलं होतं आणि त्याचा ठसा राहिला होता. मला भरून आलं. कॅरलने पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे पाहत उभी राहिली. तेवढं शहाणपण सगळ्या विहिणींना नसतं.

पुढे एक बाप आपल्या दोन मुलींना एक लांबट ठसा दाखवत होता. "हा माणसाचा पाय," तो सांगत होता. "म्हणजे माणूस आणि डायनासोर एकत्र राहत होते." कॅरलने मला हळूच सांगितलं की त्या भागात फार वर्षांपूर्वी, वाईट दिवसांत, लोक माणसाची पावलं कोरून प्रवाशांना विकायचे. पण हा ठसा कोरलेला नव्हता. मी म्हटलं, हा प्राणी बोटांऐवजी पूर्ण पाऊल टेकवून चालला असणार, टाच लांब उमटली आणि बोटांत गाळ भरला. कॅरल पुढे झाली, त्या बापाची परवानगी घेतली आणि ठशाच्या टोकाशी झाडू लागली. हळूहळू तीन बोटांच्या रेषा दिसू लागल्या. बाप फार सभ्यपणे "इंटरेस्टिंग" म्हणाला आणि मुलींना घेऊन दुसऱ्या ठशाकडे गेला. धाकटी मात्र मागे वळून बघत होती.

"बघितलंस?" कॅरल म्हणाली. "अशी मुलं मला हवी आहेत. घरी जाऊन ती कुणाला विचारणार?"

तेव्हाच मी तिला सांगायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते बरं. "कॅरल, हा तीन बोटांचा प्राणी पक्ष्यांच्या घराण्यातला. जमिनीवरचे आधी आले, पक्षी त्यांच्यातून झाले. तुझ्या साडीवर पक्षी पाचव्या दिवशी आहेत आणि हा सहाव्या. आणि फळझाडं माशांच्या आधी येत नाहीत. सूर्याच्या आधी तर काहीच येत नाही."

"सूर्य आधीपासून होता. आभाळ दाट होतं, चौथ्या दिवशी ते निवळलं आणि सूर्य दिसू लागला. तसं धरता येतं."

"आणि पक्षी?"

परतताना एका दुकानात आम्ही पीच कॉब्लर खाल्लं. पीचवर गोड पीठ घालून भाजतात आणि वर आइसक्रीम, एकूण प्रकार झकास. तिथे कॅरलने टेबलावर मिठाची डबी, मिरीची डबी, केचप, साखरेच्या पुड्या मांडून सहाही दिवस पुन्हा लावून बघितले. केचप म्हणजे पक्षी. केचपला कुठेच जागा मिळेना. शेवटी तिने सगळं जागच्या जागी ठेवलं आणि बिल मागवलं. उद्या काय सांगशील, असं तिने विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

फोनवर सुजाता म्हणाली, "आई, जस्ट म्हण की फार ब्युटिफुल आहे, आणि खाली बस. त्यांना ब्युटिफुल चालतं. तिचा क्लास वाचेल यार."

रविवार

प्रार्थनेनंतर तिथे पॉटलक असतो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. आमच्या भोजनदानासारखंच, फक्त कुणी आग्रह करत नाही. कॅरलने घेवड्याच्या उसळीसारखं काहीतरी केलं होतं आणि त्यात माझा सावजी मसाला घातला होता, तिच्या हिशेबाने. कारभाऱ्यांचे प्रमुख मिस्टर वेन यांनी ताट भरून घेतलं. धान्य-चाऱ्याचं दुकान त्यांचंच. भला, नम्र माणूस. मला दार उघडून दिलं, खुर्ची ओढून दिली. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले, तरी सभ्यपणामुळे त्यांनी सगळं संपवलं आणि गोड चहाचे पेल्यांवर पेले रिचवले. त्यांचा मूड त्यामुळे बिघडेल, अशी मला थोडी आशा होती. तसं काही झालं नाही.

वर्गात ते आणि आणखी दोघे कारभारी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसले. तिघांचेही गुडघे छातीशी आले होते. कॅरलने साडीच्या कडेने चालत पूर्ण धडा घेतला. तिच्या आवाजात भीती नव्हती. शेवटी वेन माझ्याकडे वळले.

"मॅडम, आपण या विषयातल्या जाणकार. हा क्रम विज्ञानाप्रमाणे बरोबर आहे का?"

साडी फार सुंदर दिसत होती. मी कॅरलकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, हिरव्या डायनासोरची सैल पिन नीट करत होती. फार ब्युटिफुल आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही.

"नाही," मी म्हणाले. आणि कारणं सांगितली, पक्ष्यांपासून फळझाडांपर्यंत. मग घाईघाईने पुढे म्हणाले, "पण दिवस चोवीस तासांचा धरला तर काहीच बसत नाही. त्यापेक्षा हे कितीतरी..."

"ते तुमचं मत झालं, मॅडम, आणि मी त्याचा आदर करतो," वेन हसून म्हणाले. "आम्ही फक्त या धड्याबद्दल विचारलं. तुमचं आणि आमचं एकमत आहे की या दोन गोष्टी एकत्र करता येत नाहीत."

हेच वाक्य मी स्टाफरूममध्ये जन्मभर बोलत आले होते, अगदी याच शब्दांत. ते माझं वाक्य घेऊन तो भला माणूस माझ्या विहिणीचा वर्ग काढून घेत होता आणि वर माझ्याशी हस्तांदोलन करत होता. कॅरलने इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल तिचे आभार मानण्यात आले. पुढच्या रविवारपासून वर्ग दुसरं कुणी घेणार होतं.

ते गेल्यावर आम्ही पिना काढल्या. साडीची घडी कशी घालतात, हे कॅरलला माहीत नव्हतं. तिने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि चालत चालत एकमेकींजवळ आलो, पुन्हा दूर झालो, पुन्हा जवळ आलो.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"शीला, मी मुलांना सांगत आले की खऱ्या उत्तराला घाबरू नका. तू खोटं बोलली असतीस तर वर्ग राहिला असता आणि मला त्या वर्गात तोंड दाखवता आलं नसतं." एवढं म्हणून ती त्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

ट्रकमध्ये बसल्यावर माझा राग उसळला. "सोडून दे हे चर्च," मी म्हणाले. "सोडता येतं, कॅरल. आम्ही सोडलंय. ज्या धर्माने आम्हाला माणूस मानलं नाही, तो आमच्या आजोबांनी सोडला. नागपूरच्या मैदानावर दीक्षा घेतली आणि मागे वळून पाहिलं नाही. समेट वगैरेच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणून मी आज इथे आहे."

तिने किल्ली फिरवली नाही. "किती जण होते?"

"लाखो."

"एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी."

"तुझे आजोबा घरी परतले तेव्हा शेजारी कोण राहत होतं?"

"तेच सगळे. सगळ्या वस्तीनेच दीक्षा घेतली होती."

"माझ्या नवऱ्याला या चर्चच्या मागे पुरलंय," कॅरल म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वेनची बायको रोज जेवण घेऊन यायची. मी सोडलं तर मी एकटीच सोडेन, शीला. माझ्याबरोबर लाखो नसतील."

आमच्या दीक्षेचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणालाही, कुठेही ऐकवते. पण आमच्या आजोबांना शेजारी लाभले होते, हे मी कधी मोजलंच नव्हतं. तिने ट्रक सुरू केला आणि घरी पोचेपर्यंत मी काही बोलले नाही. सुजाताला हे कळवलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही.

पुन्हा रविवार

प्लेनोला परत आल्यावर इथनला सगळं सांगितलं. तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आधीच कापलेलं गवत पुन्हा कापत राहिला. आत आल्यावर म्हणाला, "आता तरी ती जाणं बंद करेल."

ती बंद करणार नव्हती. फोनवर तिने सांगितलं की जाणार, फक्त आता वर्गात जायचं नाही म्हणून मागच्या बाकावर बसणार. तिच्या शेजारी कोण बसेल, हे मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. गावं सगळीकडे सारखीच असतात. वाईट कुणी वागत नाही, फक्त त्या दिवशी शेजारची जागा कशी कोण जाणे मोकळी राहते.

शनिवारी मी सांगितलं की मला उद्या चर्चमध्ये सोडा.

"तुला? चर्चमध्ये?" सुजाता म्हणाली. "आई, आर यू ओके?"

इथन मला घेऊन गेला. सगळ्या वाटेत त्याने रेडिओ लावला होता. चर्चसमोर गाडी उभी करून म्हणाला, "मी इथेच थांबतो, आई. तुमचं होऊ द्या."

कॅरल मागच्या बाकावर होती आणि तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या होत्या. मी जाऊन एका बाजूला बसले. तिने काही विचारलं नाही, गाण्याचं पुस्तक दोघींच्या मधे धरलं. सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, सगळे बसले की बसायची. गायले नाही, तेवढं मी जपलं. वेन पुढच्या रांगेतून मागे वळले, मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी मान लववली. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पाद्र्यांचं भाषण सुरू झालं. सहा दिवस, चोवीस तासांचे, सकाळ-संध्याकाळ मोजून. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. माझ्या आयुष्यात मी इतकं चुकीचं इतका वेळ गप्प बसून कधी ऐकलेलं नाही.

अर्ध्यावर आमचा बाक करकरला. कॅरलच्या पलीकडच्या बाजूला इथन येऊन बसला होता. पाय लांब करून, हाताची घडी घालून, तेरा वर्षांचं पोर बसतं तसा. कॅरलने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, त्याला नीट बसता यावं म्हणून, आणि गाण्याचं पुस्तक मिटलेलं होतं तरी ते दोन्ही हातांनी धरून समोर बघत राहिली.

बाहेर ऊन फार होतं म्हणून आत आलो, असं इथन अजूनही सांगतो. गाडीतला एसी चालू होता. मी त्याच गाडीतून उतरले होते.